काश्मीरची रंगीत तालीम

"न तपासता माझ्या हातून आजवर एकही गोष्ट बाहेर पडलेली नाही!" असं अभय गजभिये छातीठोकपणे सांगायचा. खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो टेस्टिंगचा लीड होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि वर त्यांच्याच शिव्या खायच्या, याचा त्याला बरा पगार मिळे. पण ही खोड घरीही सुटत नसे. केळी घेताना तो आधी एक सोलून खायचा. लग्नाआधी त्याने दीक्षाला उन्हात, पावसात आणि ऐन ट्रॅफिकमध्ये फिरवलं होतं. तिला बिचारीला तेव्हा ते प्रेम वाटलं!

तर या अभयने ठरवलं, की आईबाबांना काश्मीर दाखवायचं. ऑक्टोबर संपताना, चिनार लाल होतात तेव्हा. आणि तेही बजेटमध्ये!

याचं मूळ होतं भिंतीवरच्या एका पानात. अभयचे वडील दशरथराव नागपूरहून येऊन पिंपरीच्या एका फाउंड्रीत चिकटले होते. पुढे देशात बाहेरच्या कंपन्या आल्या, फाउंड्रीला कोणी विचारेना, आणि एक दिवस दशरथरावांच्या हातात व्हीआरएसचा कागद पडला. त्या कारखान्याने छापलेल्या शेवटच्या कॅलेंडरवर ऑक्टोबरसाठी काश्मीरची लालभडक झाडं होती. चंद्रभागाबाईंनी ते पान फ्रेम करून घेतलं आणि तथागत, बाबासाहेब यांच्या फोटोंखाली जरा बाजूला टांगलं.

"रिटायर झालो की नेतो तुला," असं दशरथराव म्हणून बसले होते. रिटायर तर ते ठरल्यापेक्षा कितीतरी आधीच झाले! पण मग अभयचं इंजिनिअरिंग आलं, मग तिकडचा गोळीबार, मग चंद्रभागाबाईंचे गुडघे. पान भिंतीवरच पिवळं पडत गेलं. दशरथरावांच्या छातीत मात्र फाउंड्रीची धूळ मुक्कामाला राहिली होती. यंदा डॉक्टरांनी एक्स-रे बराच वेळ उजेडात धरला आणि म्हणाले, "कुठे न्यायचं असेल तर या वर्षी न्या. पुढच्या वर्षाचं मी काही बोलत नाही."

अभय रात्री बाथरूममध्ये नळ सोडून रडला. सकाळी उठून कामाला लागला. शोधून शोधून त्याने सगळ्यांत स्वस्त टूर काढली. तिची अट एकच होती: पैसे परत मिळणार नाहीत. बुकिंगची मुदत गुरुवार संध्याकाळपर्यंत.

"पैसे परत नाहीत, म्हणजे आधी टेस्ट केलीच पाहिजे!"

"कशाची? काश्मीरची?" दीक्षाने विचारलं.

"आईबाबांची!"

पहिली टेस्ट जिन्याची. लिफ्ट चालू असताना त्याने दोघांना चढवत नेलं. दशरथराव तिसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या चपलांच्या स्टँडवर बसले ते उठेनात. "तिथलं हॉटेल दोनच मजली आहे. बाबा पास!" अभयने जाहीर केलं. दुसरी टेस्ट जेवणाची. टूरवाले देणार म्हणून सकाळ-संध्याकाळ राजमा-भात सुरू झाला. चंद्रभागाबाईंनी अखेर ताट सरकवलं. "अरे, काश्मीरला चाललोय की होस्टेलला?"

राहिली थंडी. पुण्यात तर ऑक्टोबरचं ऊन कडकडीत तापलेलं! पण अभयचा कॉलेजचा मित्र उत्तरेश्वर वाघोलीत फळांचं कोल्ड स्टोरेज चालवायचा.

"सफरचंदाच्या खोलीत दोन डिग्री असतात," उत्तरेश्वर म्हणाला. "पण भावा, माणसं नाही ठेवली कधी."

"ठेवायची नाहीत रे. टेस्ट करायचीत."

"आज गुरुवार आहे," दीक्षाने निघताना आठवण करून दिली. "दुरुस्तीसाठी लाईट जाते."

"थंडी तपासायला लाईट कशाला लागते?" अभय म्हणाला. हे वाक्य दीक्षा आजही त्याला म्हणून दाखवते.

भर दुपारी स्वेटर, मफलर, कानटोपी घालून दोघं वाघोलीला उतरली. हमाल बघत राहिले. उत्तरेश्वरने जाडजूड दार उघडलं, आत लाकडी पेट्यांच्या थप्प्या दाखवल्या आणि दाराजवळचं लाल बटण दाखवलं. "आतून दार उघडत नाही. झालं की बेल दाबा, पोरगं उघडेल." इतक्यात गेटवर ट्रक लागला म्हणून तो पळाला.

दशरथराव पेटीवर टेकले. चंद्रभागाबाईंनी शाल आवळली. अभयने भिंतीवरच्या मीटरवर तापमान पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"दार उघडं आहे म्हणून आकडा चढतोय. अशाने टेस्ट खोटी होईल!"

आणि त्याने स्वतःच्या हाताने दार ओढून घेतलं. खट्ट!

पहिला थोडा वेळ मजेत गेला. "बाबा, काही त्रास?"

"आयुष्य भट्टीसमोर काढलं. म्हातारपणी लेकाने बर्फात घातलं," दशरथराव म्हणाले. "छान आहे."

आणि दिवा गेला.

अभयने चाचपडत लाल बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग अंगठा रोवून उभा राहिला. बेल विजेवर चालायची! जन्मभर जगाच्या चुका काढणाऱ्या माणसाने ती आत येताना एकदाही दाबून पाहिली नव्हती. मोबाईलला रेंज नव्हती. दार इतकं जाड, की त्यावर मारलेल्या लाथा त्याच्या त्यालाच ऐकू येत होत्या. वीज गेली तरी थंडी मात्र कुठेही गेली नाही.

"थांब रे," अंधारातून चंद्रभागाबाई म्हणाल्या. "यांचा श्वास ऐक."

दशरथरावांच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती. त्यांचा श्वासाचा पंप गाडीत राहिला होता. अभयने स्वतःचं जॅकेट त्यांना गुंडाळलं. आपण बापाला मारलं, हे एकच वाक्य त्याच्या डोक्यात फिरत होतं.

"आई, मी... मला वाटलं होतं..."

"नंतर रड. मोबाईलचा उजेड धर इकडे."

गिऱ्हाइकाला माल दाखवायला काश्मीरहून आलेली एक पेटी फोडून ठेवली होती. चंद्रभागाबाईंनी सफरचंदं बाजूला काढली आणि खालचा पेंढा ओंजळीने उपसून नवऱ्याच्या स्वेटरमध्ये कोंबायला लागल्या. पाठीला, पोटाला, पायमोज्यांत. उपसता उपसता त्यांचा हात थांबला. त्यांनी काहीतरी उजेडात धरलं.

पान होतं. पंजाएवढं, बोटं पसरल्यासारखं, लालभडक. अगदी भिंतीवरच्या फ्रेममधलं!

"अहो," त्यांचा आवाज चिरकला. "हे बघा. तेच आहे."

दशरथरावांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, नाकाशी नेलं.

"आलं... की... घरपोच," ते धापा टाकत म्हणाले. "बघ बरं, नेतो म्हणालो होतो."

चंद्रभागाबाई हसल्या आणि मग त्यांना रडू फुटलं. अभयने मोबाईल तसाच धरून ठेवला. हात खाली घ्यायची त्याला हिंमत होईना.

लाईट आली तशी अभयने धावत जाऊन बटणावर अंगठा रोवला. बेल कोकलली. दार उघडलं. उत्तरेश्वर डिझेलने काळे झालेले हात घेऊन उभा होता. "अरे! मी मागे जनरेटरशी झटतोय, मला वाटलं तुम्ही कधीच बाहेर येऊन चहाला गेलात!"

दशरथरावांना तसंच पेंढ्यासकट हॉस्पिटलात नेलं. न्यूमोनिया निघाला. ते आयसीयूत असताना बुकिंगची मुदत कधी टळली, कोणाला कळलंही नाही. पुढे वॉर्डात हलवलं तेव्हा डॉक्टरांनी अभयला बाजूला घेऊन सांगितलं: विमान नाही, डोंगर नाही, थंडी तर नाहीच. या वर्षी नाही आणि पुढेही नाही. सगळ्या टेस्ट नापास!

संध्याकाळी दशरथराव ऑक्सिजनचा मास्क लावून पडले होते. उशाशी पाण्याच्या ग्लासाला टेकवून चंद्रभागाबाईंनी ते पान उभं केलं होतं. कडेने ते आता मुडपायला लागलं होतं. नर्स औषधांची चिठ्ठी देऊन गेली.

"बाबा, मी खालून औषधं घेऊन येतो," अभय म्हणाला. "काही लागलं तर ही उशाशी बेल आहे. नुसती दाबायची."

दशरथरावांनी हात हलवला. मास्क किंचित वर उचलला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. इतक्या दिवसांत ते त्याच्याशी या विषयावर एक अक्षर बोलले नव्हते. तो खाली वाकला आणि कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"आधी दाबून बघ," दशरथराव म्हणाले.

अभयने दाबली. थांबला. पुन्हा दाबली. पॅसेजमध्ये कुठे काही वाजलं नाही, कोणी आलं नाही.

चंद्रभागाबाईंनी त्याच्या हातातून चिठ्ठी काढून घेतली आणि चपला पायांत सरकवल्या.

"औषधं मी आणते," त्या म्हणाल्या. "तू बस इथे, बेल म्हणून."