फोटोसारखं तोंड आणा!

आमच्या मतदान केंद्रात माशी जरी शिरली, तरी तिला आधी ओळखपत्र दाखवावं लागेल!

असं मी निवडणुकीच्या आदल्या दिवशी आत्याच्या घरी, तिच्याच खुर्चीत बसून जाहीर केलं. राज्याची निवडणूक होती. या वेळी खोटी मतं पडणार, पेट्या पळवणार, खऱ्या मतदारांना दारातूनच पिटाळणार, अशा बातम्यांनी सगळ्यांचं डोकं उठलं होतं. आमच्या घरात तर ती नुसती बातमी नव्हती. मागच्या निवडणुकीत आत्या ठेवणीतले कपडे घालून मत द्यायला गेली, तर तिथला अधिकारी म्हणाला, "आजी, तुम्ही सकाळीच मत देऊन गेलात की!" तिच्या नावावर दुसरीच कुणीतरी मत टाकून पसार झाली होती. आत्या हे आजतागायत विसरली नव्हती. मला तर ती विसरूच देत नव्हती.

"टिल्या, या खेपेला माझं मत मीच देणार," ती म्हणाली. "तू आहेस ना तिथे?"

"आहे म्हणजे? केंद्राध्यक्ष आहे! तुझंच केंद्र मुद्दाम मागून घेतलंय. एक जरी खोटं मत पडलं तर मिशी उतरवीन!"

"डोक्यावरचं गेलंच आहे," आत्या म्हणाली, "निदान मिशी तरी जप."

एरवी मी पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क. गळक्या नळांच्या तक्रारी ऐकणाऱ्या माणसाला एका दिवसासाठी लोकशाहीची राखण करायला मिळाली, तर त्याची छाती फुगणारच!

केंद्र शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात होतं. भिंतीवर पोरांनी काढलेले हत्ती, आणि बसायला पोरांच्याच खुर्च्या. माझे गुडघे हनुवटीला टेकत होते, पण रुबाब कमी होऊ दिला नाही. शेजारी नावं तपासायला सरकारी ग्रंथालयातल्या बाई, त्यांच्यापलीकडे बोटाला शाई लावणारे पोस्टातले गृहस्थ, आणि दारात हवालदार. तिघांनाही मी सकाळीच पहिल्यांदा भेटत होतो. भेटल्या भेटल्या भाषण ठोकलं.

"फोटो आणि समोरचं तोंड तंतोतंत जुळलं पाहिजे. केस, मिशी, चष्मा, सगळं! फरक दिसला की परत!"

"साहेब, फोटो फार जुने आहेत हो," ग्रंथालयाच्या बाई हळूच म्हणाल्या. "माणसं बदलतात."

"खरी माणसं बदलत नाहीत!" मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

पहिला आला बेकरीवाला. फोटोत गुळगुळीत, प्रत्यक्षात छातीपर्यंत दाढी. परत! मग शिंपी. फोटोत झुबकेदार मिशी, प्रत्यक्षात ओठ साफ.

"मिशी कुठाय?"

"काढली. बायकोला टोचायची."

"मतदार म्हणून तुम्हाला मिशी आहे. घेऊन या!"

"कुठून?"

"तो तुमचा प्रश्न! पुढचे!"

पुढच्या होत्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना मी म्हणालो, "बाई, या फोटोत तुम्ही निम्म्याच दिसताय." त्यावर त्या जे बोलल्या ते शिक्षणक्षेत्रात शोभणारं नव्हतं. मी त्यांनाही परत पाठवलं.

आणि मग आत्या आली. केस पांढरेशुभ्र, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. ओळखपत्रावरच्या बाईचे केस काळेभोर, आणि चष्म्याचा पत्ता नाही!

माझी पाचावर धारण बसली. भाचा केंद्राध्यक्ष आहे, हे तिने रांगेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आता बघू या, घरच्या माणसाला काय नियम लावतात!" सगळे माना उंचावून बघायला लागले. माझ्यासमोर माझी आत्या उभी होती. आई आजारी असताना हिनेच मला न्हाऊमाखू घातलेलं. पण खुर्ची वाईट हो, पोरांची असली तरी!

"नाव?" मी विचारलं.

"टिल्या, मला नाव विचारतोस?"

"इथे मी टिल्या नाही, केंद्राध्यक्ष आहे. नातं दाराबाहेर! फोटोत केस काळे आहेत, चष्मा नाही."

"मग?"

"मग फोटोसारखं तोंड आणा!"

आत्याने पर्स बंद केली.

"आणा?" ती शांतपणे म्हणाली. "बरं. आणते."

तो आवाज मी ओळखत होतो. लहानपणी त्या आवाजानंतर मी पलंगाखाली जाऊन बसायचो. इथे पलंगही नव्हता.

थोड्या वेळाने हवालदार आत आला. "साहेब, तुमच्या आत्याबाई समोरच्या सलूनमध्ये गेल्यात."

"बरं झालं. बसतील जरा पंख्याखाली."

"एकट्या नाही गेल्या. परत पाठवलेल्या सगळ्यांना घेऊन गेल्यात. फाटकात उभ्या राहून म्हणाल्या, कुणीही घरी जायचं नाही, मत दिल्याशिवाय आज कुणाच्या घरी चूल पेटणार नाही!"

तासाभराने वरात आलीच! सर्वांत पुढे आत्या, केसांना काळा रंग चोपडलेला, चष्मा काढल्यामुळे काही दिसत नाही म्हणून बेकरीवाल्याचा दंड धरलेला. बेकरीवाला तुळतुळीत, हनुवटीला कापसाचे बोळे. त्याची उतरलेली दाढी न्हाव्याने वाया जाऊ दिली नव्हती. ती डिंकाने शिंप्याच्या ओठावर चिकटवली होती! मुख्याध्यापिकाबाई श्वास आत ओढून, जांभळ्या पडून उभ्या होत्या.

"लवकर बघा!" त्या दातांतून म्हणाल्या. "फार वेळ जमणार नाही!"

नेमकी याच वेळी निवडणूक निरीक्षक बाईंची गाडी फाटकात थांबली.

"हे काय चाललंय?" त्या दारातच म्हणाल्या. "नाटकाची तालीम आहे का?"

"मतदार आहोत," आत्या जिकडे निरीक्षक बाई नव्हत्या तिकडे बघून म्हणाली.

"केंद्राध्यक्ष कोण?"

"मी!" मी ताडकन उठलो. खुर्ची माझ्याबरोबरच उठली. ती कशीबशी सोडवून मी ऐटीत ओळखपत्र पुढे केलं. निरीक्षक बाईंनी फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला.

"हे कोण?"

"मीच की!"

"यांना दाट केस आहेत."

रांगेत खसखस पिकली. निरीक्षक बाई मात्र हसल्या नाहीत. "या भागातून तोतया अधिकाऱ्याची तक्रार आली आहे. तुमची ओळख पटेपर्यंत इथलं मतदान थांबेल. यांना कोण ओळखतं?"

ग्रंथालयाच्या बाई म्हणाल्या, "आज सकाळीच भेटले." पोस्टवाल्यांनी मान हलवली. हवालदार छताकडे बघायला लागला. मग सगळ्यांच्या नजरा आत्याकडे वळल्या. आत्याने पर्समधून चष्मा काढला, नीट पुसला, लावला आणि मला न्याहाळलं.

"फोटोतल्या माणसाला केस आहेत, ह्याला नाहीत. नाही बाई, मी खोटी साक्ष देणार नाही. नातं दाराबाहेर!"

मी तसाच सुटलो तो थेट सलूनमध्ये! माझी जेवणाची सुट्टी खरं तर माझ्या वॉर्डात जाऊन स्वतःचं मत देण्यासाठी राखून ठेवली होती. पण आता नोकरी वाचवायची होती. न्हाव्यापुढे फोटो आपटला. "असं करून द्या!"

न्हाव्याने फोटो पाहिला, माझं डोकं पाहिलं, आणि कंगवा खाली ठेवला. "साहेब, असलेलं काळं करून देतो. नसलेलं कुठून आणू?"

"दाढी उरलीय का?"

"शिंप्याला पुरवता पुरवताच नाकी नऊ आले हो!"

मी मुकाट्याने परत आलो. रांग फाटकापर्यंत गेली होती. म्हातारी माणसं उन्हात उभी होती, पण एकही हललं नव्हतं. मला मनापासून लाज वाटली. चोराला अडवायच्या नादात मी घरमालकालाच बाहेर उभं केलं होतं.

"आत्या, चुकलं माझं," मी म्हणालो.

"मला नको सांगूस. यांना सांग."

मी रांगेकडे वळलो. "चुकलं! यापुढे माणूस बघीन, केस मोजणार नाही."

"आणि माझं मत?"

"पहिलं तुझं!"

तेव्हा कुठे आत्या निरीक्षक बाईंना म्हणाली, "हा माझा सख्खा भाचा. टक्कल वेळेवर पडलं, अक्कल यायची राहिली. बाकी माणूस खरा आहे."

"ठीक आहे," निरीक्षक बाई माझ्याकडे वळल्या. "ओळख पटवायला शेजारी चालतो, नातेवाईक चालतो, नियमातच आहे. नियम वाचलेत ना?"

मी भिंतीवरच्या हत्तीकडे बघितलं.

ग्रंथालयाच्या बाईंनी यादी उघडली. आत्याने माझं मनगट घट्ट धरलं. पान उलटलं, बोट खाली खाली सरकलं. मागच्यासारखं झालं असलं तर?

"कोरं आहे," बाई म्हणाल्या. "कुणीही मत दिलेलं नाही."

आत्या पुठ्ठ्याच्या आडोशाआड गेली, बराच वेळ तिथेच होती, आणि बाहेर आली तेव्हा डोळे पाणावलेले होते. रंगाचा एक काळा ओघळ कानामागून मानेवर उतरला होता. तिने शाईचं बोट सगळ्या रांगेला दाखवलं, आणि रांगेने टाळ्या वाजवल्या!

मग एकेक करून सगळ्यांनी मत दिलं. मुख्याध्यापिकाबाईंनी श्वास सोडला. शिंपी पेटीवर वाकला तेवढ्यात त्याची मिशी सुटली आणि फटीतून मतपत्रिकेच्या मागोमाग आत गेली. पेटी उघडायची नाही हा नियम मात्र मी वाचला होता!

संध्याकाळी पेटी सीलबंद करून रवाना केली. आत्या फाटकाशी माझी वाट बघत होती.

"एकही खोटं मत नाही, आत्या!" मी पुन्हा छाती फुगवली. "आणि एकही खरं बुडालं नाही!"

"बोट दाखव."

"कशाला?"

"दाखव म्हणते ना!"

मी दाखवलं. बोट स्वच्छ. माझ्या वॉर्डातलं केंद्र केव्हाच बंद झालं होतं.

आत्याने माझ्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्या टकलाकडे पाहिलं, आणि माझा हात आपल्या हातात घेऊन चालायला लागली.

"पुढच्या खेपेला मी येईन तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "ओळखायला कुणीतरी लागेलच ना!"