रॉझवेलचे परबभाई

टीव्हीवर मुंग्या आल्या की आमच्या गच्चीवरून परबभाई ओरडायचे, "इली रे इली! तबकडी इली!"

नाहूरच्या आमच्या बिल्डिंगीत पहिला रंगीत टीव्ही माझा. रविवारी पिक्चरला आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसे. मी खुर्चीत राजासारखा बसलेलो. आणि ऐन मारामारीत चित्र जायचं, वरून ही आरोळी यायची, आणि अख्खी मंडळी अनवाणी गच्चीवर! आमची हीसुद्धा.

थोड्या वेळाने चित्र परत यायचं. मंडळी यायची नाहीत. नायिका रंगीत साडीत माझ्या एकट्यासाठी नाचायची.

वर भाईंचं रॉझवेल चालू असायचं. गिरणीतली नोकरी सुटल्यावर रद्दीतल्या कुठल्याशा मासिकात त्यांना ते सापडलं होतं. सत्तेचाळीस साली अमेरिकेत रॉझवेल गावाजवळ आकाशातून काहीतरी पडलं. मिलिटरीने आधी सांगितलं उडती तबकडी, मग म्हणाले, हवामानाचा फुगा. "फुग्याक मिलिटरी कित्याक व्हयी?" भाई विचारायचे, आणि सगळे माना डोलवायचे, जणू रॉझवेल भांडुपच्या पुढचं स्टेशन!

मी जळायचो. अक्षरशः जळून खाक व्हायचो. टीव्हीवर परग्रहवासीयांची इंग्रजी मालिका लागली, तर पोरं बघायची माझ्याकडे आणि खरं-खोटं विचारायला पळायची भाईंकडे. "नाक चुकलां," भाई निकाल द्यायचे. त्या वर्षी गणपतीच्या डेकोरेशनलाही तबकडी! दोन पराती एकमेकींवर उपड्या घालून केलेली. त्यातली एक परात माझ्या घरची. मला विचारलंसुद्धा नाही!

एका रविवारी माझी सटकली. पिक्चर मध्यावर असताना मी हिला तेवढं सांगून हळूच गच्चीवर गेलो. भाई माझ्या अँटेनाचा खांब दोन्ही हातांनी फिरवत होते.

"भाई! लाज नाही वाटत? थांबा, आता सगळ्यांना सांगतो!"

त्यांनी खांब सोडला.

"तुझो टीव्ही येवच्या आदी सगळी हयच बसत रे," ते म्हणाले. "माझी मालती चाय करी. ती गेली, मगे तुझो टीव्ही इलो. तबकडी नाय आणली तर वर कोण येतला?"

मालतीकाकूंचा चहा मीही प्यालो होतो, याच गच्चीवर. भाईंच्या शेजारी बसून.

खालून ही ओरडली, "अहो, मुंग्याच दिसतायत! जरा फिरवा ना!"

मी खांब धरला. एक हिसका दिला असता, तर सगळे खाली माझ्यासमोर बसले असते. भाई मान खाली घालून जिन्याकडे निघाले.

"भाई, बसा तिथेच," मी म्हणालो. मग कठड्यावरून वाकून ओरडलो, "राहू दे तो पिक्चर! वर या सगळे! आणि येताना चहा टाकून आण गं, भाईंनापण!"

जिन्यावर धडधड पावलं वाजली. लेकाचे, माझ्या टीव्हीसाठी एवढ्या घाईने कधी आले नव्हते.