मरोद्याच्या धुक्यातला दुसरा नाद

भुताखेतांवर प्रेमानंद मेश्रामांचा काडीचाही विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट त्यांनी अख्ख्या मोहल्ल्याला किमान दोनदा ऐकवली होती. "चौतीस सालं रोलिंग मिलमंदी काढली मी! भूत असतं तं कधीतरी हजेरीले आलं असतं ना!"

पण रिटायर झाल्यापासून मेश्रामांची झोप उडाली होती. मिलचा गडगडाट थांबला आणि घरातली शांतता त्यांना खायला उठली. डॉक्टर म्हणाले, बीपी ठीक, कान ठीक, मन तेवढं शांत करा. म्हणून बायकोने, सुजाताबाईंनी, त्यांना बागेतल्या ध्वनिध्यानाच्या शिबिराला धाडलं. शिकवणारी मधुवंती त्यांच्या मुलीच्या वयाची. तिने काशाचा वाडगा आणि लाकडी दांडकं हातात दिलं.

"अंकल, मोकळ्या जागी बसायचं. एक ठोका द्यायचा, आणि नाद पूरा विरेपर्यंत उठायचं नाही. बीच में उठ गए तो सब बेकार!"

"एवढंच? हे तं मी झोपेतही करीन!" मेश्राम म्हणाले.

जानेवारीतल्या एका पहाटे, सहाच्या सुमाराला, ते मरोद्याच्या तलावावर जाऊन बसले. धुकं असं की स्वतःचे गुडघे परक्याचे वाटावेत! पाणी दिसत नव्हतं, नुसतं काठाला चाटताना ऐकू येत होतं. पोलादाच्या प्लांटच्या बाजूचं आभाळ भट्ट्यांच्या उजेडाने मधूनच तांबूस व्हायचं, आणि तेवढ्यापुरतं सगळं धुकं आतून कुणी दिवा धरल्यासारखं उजळायचं.

मेश्रामांनी ठोका दिला. टण्णण्ण... नाद पाण्यावरून सरकत गेला, बारीक झाला, विरला. मेश्रामांनी समाधानाने डोळे उघडले.

टण्णण्ण!

पलीकडून! तसाच नाद, पण खोल. विहिरीत पडलेल्या माणसाने खालून हाक द्यावी तसा.

प्रतिध्वनी असेल, मेश्राम मनाशी म्हणाले. पण प्रतिध्वनी काय विचार करून येतो? त्यांनी खात्रीसाठी पुन्हा ठोका दिला. थोडा वेळ काही नाही. मग, सावकाश, टण्णण्ण! आता त्यांनी हात आवरला आणि गप्प बसून राहिले. तर पलीकडून आपणहून दोन ठोके आले. उतावीळ!

नाद विरेपर्यंत उठायचं नाही. आणि नाद काही विरेना! मेश्राम नऊ वाजता घरी आले, थंडीने निळे पडून.

"कावून एवढा टाइम लागला?" सुजाताबाईंनी विचारलं.

"तिकडून जवाब येऊन राहिला होता."

"कोणाचा?"

"मले काय मालूम! धुक्यामंदी काय नाव विचारू?"

सुजाताबाई हसल्या. पण शेजारच्या गिरजाबाई कुंपणाशी कपडे वाळत घालत होत्या, त्या हसल्या नाहीत. त्यांच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं.

"मेश्रामभाऊ, पाण्यातून जवाब आला म्हणता? आता ठोके बंद नोका करू बापा! तुमचा जवाब थांबला, का ते विचारत विचारत घरापर्यंत येते!"

मेश्रामांचा यावर विश्वास नव्हता. पण उगाच पत्ता कशाला कळू द्यायचा? ते रोज जाऊ लागले. एके दिवशी हिंमत करून रजईतच पडून राहिले, तर बरोबर सहाला घरातच टण्णकन आवाज झाला! स्वयंपाकघरात सुजाताबाईंच्या हातून झाकण पडलं होतं. हे कळेपर्यंत मेश्राम एका पायात चप्पल घालून चौकापर्यंत पोचले होते.

आठव्या दिवशी गिरजाबाई अकरा बाया घेऊन आल्या. लिंबं आली, उदबत्त्या आल्या. नवऱ्याला एकटं कसं सोडायचं म्हणून सुजाताबाईही आल्या. पाण्याजवळ कोणी जाईना. मेश्रामांना मात्र सगळ्यांनी प्रेमाने पुढे बसवलं.

मेश्रामांनी ठोका दिला. पलीकडून उत्तर आलं, पण आज ते थरथरत होतं. आणि त्याच्या मागून, धुक्यातून, बऱ्याच जणांची दबकी कुजबुज ऐकू आली.

"एक नाई वो," गिरजाबाई पुटपुटल्या, "पूरी बरात हाय!"

कुणीतरी किंचाळलं. पलीकडूनही किंकाळी आली! मग अलीकडच्या सगळ्या किंचाळल्या, तर पलीकडचेही सगळे! क्षणात लिंबं एकीकडे, चपला एकीकडे. काठ रिकामा झाला. राहिले मेश्राम आणि त्यांची कॉलर धरून उभ्या सुजाताबाई.

"उठा ना!"

"पायाले मुंग्या आल्या. उठताच नाई येऊन राहिलं! तू जाय."

"तुमाले सोडून? चूप बसा!"

इतक्यात बांधावर पावलं वाजली. चार पावलं, मग थांबणं. पुन्हा चार पावलं. धुकं फाटलं आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरं काहीतरी पुढे आलं. सुजाताबाईंची मूठ घट्ट झाली. मेश्रामांना ओरडायचं होतं, पण घशातून निघालं ते चौतीस वर्षं पाठ असलेलं.

"टोकन नंबर चार हजार दोनशे सात! रोलिंग मिल!"

पांढरं जागच्या जागी थबकलं.

"मेश्राम?" आतून आवाज आला. "ड्यूटीवर बसून काय करून राहिला बे?"

चादरीतून डोकं निघालं. त्यांचे जुने फोरमन, आनंदराव! ज्यांच्या आवाजाने मिलमधली क्रेनसुद्धा दचकायची, ते आनंदराव थंडीने आणि भीतीने लटलट कापत होते. हातात काशाचा वाडगा. मधुवंतीच्या आधीच्या बॅचचा.

"साहेब, तुमी!"

"संग आणलेले लोकं मले टाकून पळाले. मी भुताची माफी मागाले येऊन राहिलो होतो," आनंदराव म्हणाले. "माझ्या शेजारणीनं सांगतलं, जवाब बंद केला तं घरी येते म्हणून."

"मंग पहिल्याच दिवशी पळून नाई गेले?"

आनंदरावांनी वाडगा चादरीच्या टोकाने पुसला. "घरी सगळे मोबाइलमंदी. दोन सालं झाले, मी बोलतो, जवाब नाई येत. इथं कोणीतरी देऊन राहिलं होतं. भेव वाटे, तरी येत होतो."

सुजाताबाईंनी मेश्रामांची कॉलर सोडली आणि दोघांना चहाला घरी नेलं. गिरजाबाईंनी आनंदरावांना तीनदा चिमटा काढून पाहिला, तेव्हा कुठे कप पुढे केला.

ठरलं असं, की आता दोघांनी एकाच काठावर, शेजारी शेजारी बसायचं. दुसऱ्या दिवशी बसले. ठोका दिला. नाद गेला, विरला. पलीकडे कोणीच नव्हतं. ध्यान चार मिनिटांत आटोपलं. दोघे एकमेकांची तोंडं बघत बसले.

"मेश्राम, मजा नाई आली."

"नाई ना साहेब."

तिसऱ्या दिवशी सहाला आनंदराव मुकाट्याने पलीकडच्या काठावर गेले. धुकं दाट होतं. मेश्रामांनी ठोका दिला आणि वाट पाहिली. बराच वेळ काही नाही. मग खोलवरून उत्तर आलं. कोण आहे, कुठल्या गल्लीत राहतो, चहात साखर किती घेतो, सगळं ठाऊक असूनही मेश्रामांच्या अंगावर सरसरून काटा आला.

त्यांना फार बरं वाटलं.