नाटक बंद, नाना चालू

नानांच्या दारावर खडूने लिहिलेलं होतं : ‘नाटकाचे काम बंद आहे. लेखक सध्या जगत आहे.’

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. आमची चाळ जळगावातली. नाना कचेरीत हेडक्लार्क, वय पन्नाशीचं. गेली नऊ वर्षं ते पाच अंकी ऐतिहासिक नाटक लिहीत होते. तिसऱ्या अंकात नायक अंधारकोठडीत पडला, तो तिथेच राहिला. मी शेजारचा मास्तर. मला त्यांनी पहारेकऱ्याचं काम दिलेलं. त्यासाठी मी मिशा वाढवल्या. त्या मिशांना वर्गातली पोरं घाबरत आणि मुलीकडची मंडळी बघून परत जात.

“नाना, मग नायकाचं काय?” मी हादरून विचारलं.

“राहू दे आत! परवा आरशात बघितलं, हा म्हातारा कोण तेच कळेना. मी जगलोच नाही हो, मास्तर. आता जे करायचं ते भान ठेवून. भान पाहिजे, भान!”

या भानाची पहिली झळ चाळीच्या नहाणीघराला बसली. नाना एकेक तांब्या भान ठेवून अंगावर घेत. बाहेर टॉवेल गुंडाळलेली सात माणसं दार बडवत. नाना आतून म्हणत, “पाणी अनुभवतोय!”

जेवताना प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा, हे ठरलं. पोळीचं ठीक होतं. पण वांग्याचं भरीत बत्तीस वेळा चावायचं म्हणजे विसाव्या खेपेला तोंडात नुसती आठवण उरते.

मग एके दिवशी त्यांनी मातीचा स्पर्श अनुभवायला चपला सोडल्या. महिना वैशाखाचा, गाव जळगाव. दुसऱ्या दिव्याच्या खांबापर्यंत नाना चालत गेले. तिथून पुढे ते नाचत गेले. संध्याकाळी पायांना लोणी चोळत म्हणाले, “भान फार आलं.”

“बठ्ठी चाळ हासी ऱ्हायनी,” माई म्हणाल्या. बठ्ठी म्हणजे सगळी, आणि माई म्हणजे नानांची बायको. माहेर धुळ्याकडचं, बोलणं अजून तिकडचंच. सगळ्या नात्यागोत्यातली बाळंतपणं त्यांनी काढली होती. स्वतःचं एकही झालं नव्हतं.

एकदा मी चहाला बसलो होतो. नाना भाकरी चावत होते. मध्येच म्हणाले, “अगं, तुला काय आवडतं? मला ठाऊकच नाही.”

माई दुसरी भाकरी थापत होत्या. हात थांबला.

“माले? असं कोनी इचारंच नही कव्हय.”

नाना चावायचे थांबले. माईंनी भाकरी तव्यावर टाकली, उलटली, शेकली. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, “माले गाडीमा बसनं शे. कोठेबी. पन तठे लगीन नको, मयत नको, बायतपन नको.”

त्या रविवारी मी बोदवडला मुलगी बघायला निघालो होतो. स्टेशनवर हे दोघं. माईंच्या अंगावर नवं लुगडं, हातात डबा.

“बोदवडला कोण आहे तुमचं?” मी विचारलं.

“कोणी नाही,” नाना म्हणाले. “म्हणून तर चाललोय.”

गाडीत माई खिडकीशी बसल्या आणि बोदवड येईपर्यंत बाहेरच बघत राहिल्या. नाना मात्र खिडकीकडे नाही, माईंकडे बघत होते.

माझं काही जमलं नाही. मुलीच्या वडलांनी पहिला प्रश्न विचारला, “आपण पोलिसात का?” चारच्या सुमाराला मी स्टेशनवर परतलो, तर दोघं फलाटावरच्या बाकावर.

“गाव पाहिलं?”

“नाही बुवा. इथेच बसलोय सकाळपासून. हिच्या लहानपणी घरी एक बोलकी मैना होती, तुम्हाला सांगतो! सव्वीस वर्षांत मला आज कळतंय.”

इतक्यात स्टेशनमास्तरांनी बाहेर येऊन सांगितलं, परतीची गाडी दोन तास उशिरा आहे. फलाटावर शिव्यांचा एकच गलका झाला. नाना अपराध्यासारखे माईंकडे बघायला लागले.

माईंनी पाय वर घेऊन बाकावर मांडी घातली. “बरं व्हयनं,” त्या म्हणाल्या.

माझ्यासाठी जागा करायला नाना सरकू लागले. मी म्हटलं, “बसा बसा, मला जरा पाय मोकळे करायचेत.” आणि फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो.