कुत्र्यानं नेलेली चप्पल

या, बसा की जवळ. आल्या आल्या घड्याळ काय बघताय? उभ्या उभ्या चहा पिणाऱ्याला आमच्या लासुर्ण्यात पाहुणा म्हणत नाहीत. आणि चपला काढा दारातच. आता धास्ती नाही, आमचे तात्या गेले गेल्या महिन्यात.

तात्या म्हणजे माझे थोरले दीर. आलेल्या पाहुण्याची एक चप्पल लपवायची, हा त्यांचा नेम. एकच हं! मला म्हणायचे, "दोनी गेल्या तर लोक चोराचं नाव घेत्यात, शालन. एक गेली की कुत्र्याचं."

कुत्रं म्हणजे आमचा राजा. तोंडात दात नाही, भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागायची, पण गावभर चप्पलचोर म्हणून बदनाम. पुढं राजा मेला, तरी तात्यांचं चालूच.

"अवो, राजाला जाऊन वरीस झालं," मी म्हटलं.

"मग त्याच्या पोरानं नेली आसंल."

लोणी भापकरचे व्याही एकदा करकरीत नवा जोड घालून आले. निघताना एक पाय रिकामा. भडकलेच. "तात्या, ही काय रीत झाली?"

"आता दिवस बुडाल्यावर कुठं हुडकायची? ऱ्हावा की. जेवताना ताटाला ताट लागलं पायजे. एकट्याला भाकरी ग्वाड लागत न्हाय."

सकाळी चप्पल कडब्यात सापडली. पुढच्या खेपेला व्याही शहाणे झाले. चपला पिशवीत घातल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले. तर तात्यांनी त्यांची टोपी लपवली! बोडक्या डोक्यानं व्याही गावातनं जातोय कसला? राहिले बिचारे.

जाऊबाई होत्या तोवर हा नाद नव्हता बघा. त्या गेल्या, लेक पुण्याला गेला, आणि तात्यांचा हात चपलांकडं जायला लागला.

त्यांची नात राणी दिवाळीला आली नि दुसऱ्याच दिवशी निघाली. डावी चप्पल गायब! पण पोरगी आजोबाचीच. उजवी पिशवीत टाकली, माझ्या चपला पायात सरकवल्या आणि गेली एसटीला. तात्यांचा डाव पहिल्यांदाच हुकला. किती तरी वेळ दारातच उभे होते.

दहाव्याला राणी आली, रडली, गेली. चपलेचं कुणाच्या ध्यानात राहतंय? परवा भिंतीतली देवळी झाडताना ती सापडली. खोबरेल लावून मऊ ठेवलेली. तेव्हा आठवलं, हिवाळाभर वाटीत तेल घेऊन बसायचे. मी विचारलं तर म्हणाले होते, "कातडं वाळलं तर पोरीला चावंल." मला वाटलं, म्हातारा बरळतोय.

राणीला फोन केला. चपलेचं, तेलाचं सगळं सांगितलं. मग म्हणाली, "आज्जी, पाठवून दे ना."

"कशी पाठवू? कुत्र्यानं नेली."

"राजा तर मेलाय!"

"मग त्याच्या पोरानं नेली आसंल. न्यायला तूच ये."

आधी हसली, मग नाक ओढलं, आणि म्हणाली, रविवारी येते, मुक्कामाला.

तुम्हीपण या की रविवारी. ताटाला ताट लागंल. चपला मात्र दारातच काढा. त्यांच्यावर लक्ष ठेवायला मी आहे.