शालूबाईचं वांगं आणि त्याचे समस्त मालक

मालकी ही मोठी गंभीर बाब आहे, आणि इंग्रजीत तर ती फारच गंभीर आहे. धाड गावाजवळच्या आमच्या खेड्यात दरसाल भाजीपाला प्रदर्शन भरतं आणि पहिल्या नंबराला इंग्रजी प्रमाणपत्र मिळतं. (इंग्रजी असलं की वाचावं लागत नाही, थेट भिंतीवर लावता येतं.) त्यावर 'हिज' वांगं, म्हणजे गडीमाणसाचं वांगं, असं छापलेलं असे. सबब वांगं शालूबाईनं पिकवावं आणि फेटा तिच्या मालकानं, शेषरावांनी, बांधावा, अशी प्रथा सुरळीत चालू होती. वांग्याचं वावर कोणतं, हे शेषरावांना बायकोलाच विचारावं लागे. पण फेटा ते स्वतः बांधत.

यंदा शालूबाई प्रदर्शनाच्या समितीपुढं उभी राहिली. "वामनभाऊ, रोप मी लावलं, पानी मी देलं. यंदा कागद माह्या नावानं पाह्यजे."

अध्यक्ष वामनराव पुरोगामी. 'हर', म्हणजे बाईचं, छापावं तर गडी रुसणार. तेवढ्यात त्यांना शहरातून नवा शब्द कळला: 'देअर'. त्यात बाई-गडी दोघंही मावतात. ठराव एकमतानं पास झाला. (बायांना बोलावणं राहून गेलं, पण शब्दात त्या होत्याच.)

वांगं यंदाही शालूबाईचंच निघालं, नारळाएवढं. माइकवर पुकारा झाला: 'देअर' वांगं, म्हणजे त्या सगळ्यांचं.

शेषराव उठले. दीर दयाराम उठला. विहिरीवरची मोटार त्यानं एकदा चालू केली होती. बियाणंवाला उठला, टोपलं उचलणारा उठला, टोपल्याकडं पाहणाराही उठला. शेणखत म्हशीचं, म्हणून न्यायबुद्धीनं म्हैसही मंचावर चढवली. तिनं कोणाला न विचारता वांगं खाल्लं. फोटो निघाला. अहवालात नोंद झाली: मंचावर महिला सहभाग, एक.

शालूबाई पायरीपाशी पोचली तेव्हा जागा संपली होती. वामनराव वरूनच म्हणाले, "शालूबाई, तू खालीच थांब. सगळ्यायसाठी चहा ठेव."

तिनं ठेवला. दयारामानं घोट घेतला अन् तोंड वाकडं केलं. "वयनी, साखर काऊन नाही टाकली?"

"चहा सगळ्यायचा हाये नं? मंग साखर सगळ्यायनं टाका."

सगळे एकमेकांकडं पाहू लागले. डबा कुठं असतो, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

तुम्ही हसून राह्यले, हसा. हे वाचता वाचता तुमच्याही हातात चहा आला असेल. तो कोणी आणून ठेवला, मान वर करून पाह्यलं का?