अकरा वीस ते बारा आठ

हेमराज टेकाडे तासिका तत्त्वावर शिकवत असल्यामुळे तास सुरू झाल्याची घंटा झाली की तो असे, आणि तास संपल्याची घंटा झाली की नसे. नसे म्हणजे कँटीनला जाई असं नव्हे. तो कुठेच नसे. हातात खडू असेल तर खडू खाली पडे, वाक्य अर्धं राहिलं असेल तर दुसऱ्या दिवशी अकरा वीसला ते पुढच्या शब्दापासून सुरू होई. जितके तास तितकीच नेमणूक, असं आदेशात स्वच्छ लिहिलेलं होतं. मधल्या वेळात हा माणूस कुठे असतो, याची चौकशी करायची तरतूद नियमात नव्हती. आणि जिथे तरतूद नाही तिथे नाक खुपसायचं नाही, हे आम्ही राज्यशास्त्रवाले पहिल्या वर्षापासून शिकवत आलो आहोत.

आठवड्याला नऊ तास, प्रत्येक अठ्ठेचाळीस मिनिटांचा. परीक्षा, स्नेहसंमेलन आणि निवडणुकीची कामं वजा जाता वर्षाकाठी हे सगळं मिळून नऊ दिवस भरत. त्यामुळे विद्यापीठात अकरा वर्षं काढूनही हेमराज रुजू झाला तेव्हापेक्षा जेमतेम तीन महिन्यांनी मोठा झाला होता. त्याच्या लेखी ही सगळी एकच लांबलेली दुपार होती. समोरच्या बाकांवरची मुलं तेवढी बदलत. संध्याकाळ कशी असते हे तो विसरत चालला होता.

विभागप्रमुख डॉ. वासनकर यांची गोष्ट निराळी. ते कायम होते. कायम माणूस चोवीस तास असतो, फक्त स्वतःच्या तासाला नसतो. त्यांच्या तासाची घंटा झाली की ते केबिनमधून नाहीसे होत आणि तास संपला की त्याच खुर्चीत चहाचा पुढचा घोट घेत. विभागातले सगळे कायम प्राध्यापक असेच होते. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. मुलांनाही नाही.

हेमराजची बायको रंजना हिला मात्र नवरा हवा होता. लग्नाला दोन महिने झाले होते तेव्हा तो रुजू झाला. सुरुवातीला ती ताट वाढून वाट पाहत बसली. मग एक दिवस चौकशी करून आली आणि पुढच्या जूनमध्ये तिने राज्यशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं. वर्गात विद्यार्थ्याशिवाय कुणी बसलं तर तो तास धरला जात नसे, आणि तास धरला नाही तर हेमराज जागच्या जागी विरघळे. म्हणून रीतसर प्रवेश. शेवटचा बाक, वही, आणि पिशवीत डबा. डबा तो खाऊ शकत नसे, कारण खाणं म्हणजे शिकवणं नव्हे. पण ती रोज आणी. संसाराचं जे काही बोलायचं ते हात वर करून बोले.

"सर, सार्वभौमत्व समजलं. पण घरमालक मार्चमध्ये घर खाली करा म्हणून राहिला. त्याच्यावर बंधन कोणतं?"

"करार असेल तर कराराचं," हेमराज फळ्याकडे तोंड करून सांगे. त्याला तिच्याकडे बघून उत्तर द्यायचा धीर होत नसे. "नसेल तर दुसरं घर पाहावं. बसस्टँडच्या मागं पाहा. तिकडं पाणी असतं."

बाकीची मुलं हेही उतरवून घेत. परीक्षेत लिहीत, आणि तपासणारे त्याला गुणही देत.

एम.ए. दोन वर्षांचं असतं. रंजनाने ते दहा वर्षं पुरवलं. सगळे पेपर लिहायचे, चौथा कोरा द्यायचा, आणि नापास होऊन पुन्हा शेवटच्या बाकावर यायचं, अशी तिची रीत होती. पण यंदा घोळ झाला. चौथ्या पेपरात तीन प्रश्न भलत्याच विषयाचे छापले गेले, म्हणून विद्यापीठाने त्यांचे गुण सरसकट सगळ्यांना वाटले. कोऱ्या उत्तरपत्रिकेलाही. त्यात वर्गातल्या चाचणीचे वीसपैकी अठरा मिळाले. ते हेमराजने दिले होते. रंजना पास झाली.

"सर," ती निकालाच्या दिवशी उभी राहून म्हणाली, "अठरा द्यायची काय गरज होती?"

"उत्तरं बरोबर होती."

"मग दोन कुठं गेले?"

"एका उत्तरात तू नवीन घराचा पत्ता लिहिला होता," हेमराज म्हणाला. "पत्ता बरोबरच असेल, पण प्रश्न पंचायत राज्याचा होता."

प्रामाणिकपणा हा असा अंगाशी येतो. आता वीस जानेवारीला दीक्षान्त समारंभ होता. पदवी हातात पडली की रंजना विद्यार्थिनी राहणार नव्हती, आणि विद्यार्थिनी राहिली नाही की नवरा तिला या जन्मात दिसणार नव्हता. त्या दिवशी ती खाली मान घालून वहीच्या समासात रेघा ओढत बसली. हेमराजला ते दिसलं. तरी तो संघराज्याची वैशिष्ट्यं सांगत राहिला, कारण थांबला असता तर तेवढंही दिसलं नसतं.

अशात विभागात सहायक प्राध्यापकाची एक जागा निघाली. अकरा वर्षांनी. मुलाखत सतरा जानेवारीला, शनिवारी दुपारी तीन वाजता, समिती कक्षात. रंजनाने अर्ज भरला, आणि हेमराजने त्यावर दोन तासांत मिळून सही केली, कारण पहिल्या तासाला 'टेकाडे'मधला 'टे' काढेपर्यंत घंटा झाली. अर्ज घेऊन रंजना वासनकरांकडे गेली.

"वहिनी, अर्ज ठीक आहे," वासनकर म्हणाले. ते तिला विभागात वहिनी म्हणत आणि हजेरीत अनुक्रमांक एकोणीस. "पण शनिवारी तीन वाजता टेकाडे नसतात. उमेदवारानं समक्ष हजर राहायचं असतं."

"मग तीन वाजता त्यांचा तास लावून द्या ना सर."

"समिती कक्षात?"

"खोली कोणती असावी असं नियमात आहे का?"

वासनकरांनी नियम काढून पाहिला. खोलीचा उल्लेख नव्हता. विद्यार्थी किमान एक हवा, शिक्षक शिकवत असला पाहिजे, आणि घंटा झाली पाहिजे, एवढंच होतं. त्यांनी जादा तासाची सूचना काढली आणि शिपाई गुलाबराव यांना घंटेसकट शनिवारी बोलावलं.

सतरा तारखेला समिती कक्षात तिघे बसले होते. मधे अध्यक्ष, त्यांच्या उजवीकडे बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या विषयतज्ज्ञ बाई, डावीकडे शासनाचे प्रतिनिधी. प्रतिनिधी झोपले होते. समोर एक बाक आणि त्यावर रंजना. तीन वाजता गुलाबरावांनी घंटा दिली आणि समिती व बाक यांच्या मधे हेमराज उभा राहिला, हातात खडू नसल्यामुळे जरा अवघडलेला.

"बसा," अध्यक्ष म्हणाले.

"शिकवताना बसत नाही, सर."

अध्यक्षांनी तशी नोंद घेतली. पुढची चाळीस मिनिटं त्याने सगळी उत्तरं तासासारखीच दिली. समितीने विचारायचं, त्याने रंजनाकडे पाहून समजावून सांगायचं, रंजनाने उतरवून घ्यायचं. नागरिक आणि रहिवासी यांतला फरक बाईंनी विचारला, तेव्हा तो इतका छान बोलला की प्रतिनिधी चहा आला असं समजून जागे झाले आणि तो आला नाही असं पाहून पुन्हा झोपले.

"अर्जात अनुभव अकरा वर्षं लिहिलाय," बाई कागद चाळत म्हणाल्या. "बेरीज केली तर नव्व्याण्णव दिवस भरतात."

"हो."

"आणि पाच वर्षांनी स्वतःला कुठं पाहता?"

"याच वर्गात, मॅडम. पंचेचाळीस दिवसांनी मोठा झालेला."

तीन सेहेचाळीसला अध्यक्षांनी शेवटचा प्रश्न टाकला. "ही नोकरी तुम्हाला का हवी आहे?"

हेमराज तोंड उघडून थांबला. हा प्रश्न विषयाचा नव्हता, त्याचा स्वतःचा होता, आणि स्वतःचं सांगणं हे काही शिकवणं नव्हे. त्याचे बूट दिसेनासे झाले. मग पँटसकट पोटऱ्या. अध्यक्ष वाकून टेबलाखाली बघू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला हे विचारलं होतं आणि सांगायला तो उरतो की नाही अशी वेळ आली होती. गुडघेही गेले.

रंजनाने हात वर केला. "सर, हा प्रश्न परीक्षेला येईल का?"

"येईल," हेमराज म्हणाला आणि गुडघ्यांपासून खाली परत आला. "लिहून घ्या. सदर इसमाने अकरा वर्षांत संध्याकाळ पाहिलेली नाही. लिहिलं? पुढं. त्याची पत्नी त्याच्याहून पाच वर्षांनी लहान होती, ती आता सहा वर्षांनी मोठी आहे. कारणे द्या. ती रोज डबा आणते. त्यात काय असतं हे इसमास ठाऊक नाही, पण मंगळवारी वास मेथीचा असतो. तिच्या हातचं एकदा बसून जेवावं एवढ्यासाठी इसमास ही नोकरी हवी आहे. स्वल्पविराम नको, इथं वाक्य..."

घंटा झाली. खोलीत रंजना आणि समिती उरली. विषयतज्ज्ञ बाईंनीही सगळं उतरवून घेतलेलं होतं.

"वेळेत आटोपणारा पहिलाच उमेदवार," अध्यक्ष म्हणाले.

निवड झाली. त्यात गुणवत्तेचा हात किती हे सांगणं कठीण आहे. ज्याच्यासाठी जाहिरात काढली होती तो उमेदवार त्याच आठवड्यात दुसरीकडे रुजू झाला, असंही विभागात बोललं गेलं. काही असो, दीक्षान्त समारंभाच्या आदल्या दिवशी आदेश निघाला: सहायक प्राध्यापक, दोन वर्षांच्या परिविक्षेवर.

परिविक्षेत माणूस हळूहळू कायम होतो. पहिल्या महिन्यात हेमराज साडेपाचपर्यंत असे, पुढे सातपर्यंत. ज्या दिवशी तो बसस्टँडमागच्या घरात पहिल्यांदा आला, त्या दिवशी त्याला पत्ता विचारावा लागला नाही, तो त्याने तपासलेला होता. रंजनाने मेथीची भाजी केली होती. तो जेवला, हात धुतले आणि अंगणात उभा राहून अंधार पडेपर्यंत आकाशाकडे बघत राहिला. तिने त्याला आत बोलावलं नाही. 

तिकडे तास मात्र कमी होत गेला. आधी हेमराज वर्गात पाच मिनिटं उशिरा दिसू लागला, मग अर्ध्यातच विरू लागला. रंजनाच्या पदवीला एव्हाना फ्रेम झाली होती. तिने प्राध्यापकीसाठी लागणारी सेट परीक्षाही दिली, आणि पेपर कोरा ठेवायचं कारण उरलं नसल्यामुळे तीही पास झाली. दोन वर्षं पूर्ण झाली, सेवा कायम केल्याचं पत्र आलं, आणि त्या सोमवारी अकरा वीसची घंटा झाली तेव्हा हेमराज वासनकरांच्या केबिनमध्ये हातात कप घेऊन होता. कप बशीवर राहिला, हेमराज नाही.

रंजना त्या दिवशी पेढे वाटायला विभागात आली होती. पाय सवयीने वर्गाकडे वळले आणि ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. चाळीस मुलं वह्या उघडून फळ्याकडे बघत होती. दहा मिनिटं झाली.

"सर आता येणार नाहीत का?" पुढची एक मुलगी वळून म्हणाली. "नागरिकत्व अर्धंच राहिलं हो."

"कुठपर्यंत आलं होतं?" रंजनाने विचारलं.

मुलीने शेवटचं वाक्य वाचून दाखवलं. पुढचं वाक्य रंजनाला पाठ होतं. त्यापुढचंही. दहा वर्षं तिने तेच ऐकलं होतं. बसल्या जागेवरून सांगता सांगता ती उभी राहिली, मग फळ्यापाशी गेली. मुलं लिहू लागली. आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला त्या दिवशी कळलं, आणि ते तिला फार आवडलं. तास संपत आला तेव्हा गुलाबराव रजिस्टर घेऊन आले. रजिस्टर समोर आलं की सही करायची, ही तिची जुनी सवय. ते हजेरीचं नसून तासिका तत्त्वाचं आहे हे तिने पाहिलं नाही. तिने सही केली, घंटा झाली, आणि खडू खाली पडला.

हेमराज कप घेऊन परत दिसू लागला तेव्हा वासनकर त्याला म्हणाले, "टेकाडे, तुमच्या तासांची सोय झाली. वेळापत्रकात नाव तुमचंच राहील, शिकवतील वहिनी. सेट आहे, अनुभवही दांडगा आहे."

"पण सर, त्या वेळी मी नसतो."

"कायम माणूस नसतोच," वासनकर समजुतीने म्हणाले. "दोन वर्षांत जागा निघेल. किंवा अकरा."

हेमराजने त्या दिवशी दोन ताटं वाढली आणि एकात जेवला. मग तो स्वयंपाक शिकला. आता तो रोज अकरा पंधराला वर्गात जातो, टेबलावर डबा ठेवतो आणि घंटेची वाट पाहतो. बारा आठला तो पुन्हा असतो, तेव्हा मुलं बाहेर पडत असतात आणि डबा तसाच बंद असतो, कारण खाणं म्हणजे शिकवणं नव्हे. पण गेल्या मंगळवारी झाकण उघडलेलं होतं. मागे फळ्यावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं: 'प्रात्यक्षिक: एका घासावरून राज्याच्या स्थितीचा अंदाज. निष्कर्ष: मेथी चांगली, मीठ कमी.' चाळीस वह्यांत तेवढं उतरलेलं होतं. एका मुलीने जाता जाता विचारलं, "सर, हे परीक्षेला येईल का?"

"येईल," हेमराज म्हणाला.

त्याने खडू उचलला, खाली 'उद्या जास्त घालतो' असं लिहिलं आणि डब्याचं झाकण लावलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. संध्याकाळ व्हायला अजून बराच वेळ होता.